उघाडीचा मासा

आमच्या घरात लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकून पानं उचलली की कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणायचंच, "आता ते जिताड्याचं होऊ दे." एकदा तर एका बाराव्यालाही आग्रह झाला. मला लाज वाटली, पण ती फार वेळ टिकली नाही. बायको अशा वेळी उठून भांडी आवरायला जाई. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच तिने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की मी कुठे थांबून पाणी पिणार हेसुद्धा तिला पाठ झालं होतं.

गोष्ट सुरू व्हायची ती अशी : एका एस.टी.त एकाच सीटवर मी आणि एक मासा बसलो होतो, आणि दोघांत मासा जास्त शिकलेला वाटत होता.

लोक इथेच हसायला लागत. मग मी मागे जाऊन सगळं सांगे. तसंच आताही सांगतो.

आमचं गाव पेणजवळच्या गडबच्या खाली. हायवे सोडून खाडीकडे उतरलं की आधी भाताची शेतं, मग मातीचा लांब बांध, आणि बांधापलीकडे धरमतरच्या खाडीचं पाणी. या बांधात एक उघाडी आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : उघाडी म्हणजे बांधातली दगडी मोरी आणि तिच्या खाडीकडच्या तोंडाला टांगलेली लाकडी झडप. ओहोटी लागली की शेतातलं जादा पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती आली की खाडीचं पाणी तीच झडप दाबून बंद करतं. उघडायला माणूस नको, लावायला माणूस नको. अख्ख्या गावाचं भात त्या एका फळीच्या भरवशावर उभं असे, आणि माझ्या विशीत ती फळी कुजली होती.

तेव्हा माझे थोरले काका गावच्या विकास मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळाची पाटी आधी लागली, विकास मागून यायचा होता. पण काकांनी गावाला एकत्र बसायला लावलं हे खरं. श्रमदानातून तळं खणून घेतलं, भजनासाठी छप्पर उभारलं, संध्याकाळी तिथे एकाने पेपर मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा असा परिपाठ घातला. शेजारी शेजारी राहून चार-चार वर्षं न बोलणारी माणसं त्या छपराखाली एका तंबाखूच्या डबीत बोटं घालताना मी पाहिली आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे काकांबद्दल जे सांगणार आहे तेही खरंच आहे.

आता मासा. पावसाळ्यात भरतीबरोबर जिताड्याची बोटभर पिल्लं खाडीतून आत येतात. ती धरून गोड्या तळ्यात सोडायची. चार-पाच वर्षं खाऊ-पिऊ घातलं की मासा मांडीएवढा होतो. आमच्या भागात साहेबाकडे काम असलं की जिताडा न्यायची पद्धत. त्याला कुणी लाच म्हणत नसे. लाच पाकिटातून जाते, आमचा मासा गोणपाटातून जायचा. काकांनी या पद्धतीला शिस्त लावली. मंडळाच्या सभेत गावाच्या मागण्या ठरत, आणि प्रत्येक मागणीच्या नावाने तळ्यातला एकेक मोठा मासा राखून ठेवला जाई. शाळेचा मासा. रस्त्याचा मासा. उघाडीचा मासा. काम जेवढं मोठं, मासा तेवढा मोठा व्हायला हवा, हे आम्हाला इतकं उघड वाटे की त्यावर कधी चर्चा झाली नाही.

शाळेचा मासा लागू पडला, कौलं आली. रस्त्याचा मासा ज्यांच्याकडे नेला ते साहेब गळ्यात माळ घालणारे निघाले. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि आम्ही निघाल्यावर अंगण धुऊन घेतलं. रस्ता पुढे कैक वर्षांनी झाला, कुणाच्या माशाशिवाय. राहिला उघाडीचा.

त्याला वाढवलं माझ्या आत्याने. आत्या म्हणजे काकांची आणि माझ्या वडलांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली आणि आजोबांनी तिला उघाडीलगतचे शेताचे तीन तुकडे दिले. झडपेतून खारं पाणी झिरपलं तर पहिलं तिच्या शेतात शिरणार होतं. त्यामुळे त्या माशावर तिचा जीव. रोज सकाळी कोळंबीची डोकी, चिखलातल्या निवट्या, मिळेल ते घेऊन ती तळ्यावर जायची आणि ताटलीवर बोटाने टकटक करायची. मासा वर यायचा. पाणी फुटल्यासारखा आवाज व्हायचा आणि हातातलं गेलेलं असायचं.

"तुझ्यापेक्षा शहाणा हाय," ती मला म्हणायची. "बोलावल्यावर येतो तरी."

ज्या दिवशी जाळं टाकलं त्या दिवशी ती काठावर उभी होती. मासा वर आला. दोघांनी धरावा एवढा होता.

"दादा," आत्या काकांना म्हणाली, "साहेबाला नीट सांगशील ना? झडप सागाची पायजे. मागल्यासारखी आंब्याची नको."

"सांगतो गो."

"आन् माझ्या बाजूनं काम सुरू करा म्हन."

"उघाडी एकच हाय. तिला बाजू कुठल्या?"

"तरी म्हन."

आमच्याकडे रीत अशी की मासा ज्याने खाऊ घालून वाढवला त्याच्या घरी मुंडी जायची, बाकीच्याचे गावात वाटे पडायचे. त्या दिवशी कुणीतरी मुंडीचं बोललं. आत्या म्हणाली, "साहेब बिनमुंडीचा मासा घेईल काय? जाऊ दे. उघाडी झाली का मला मुंडी पोचली."

तर ते साहेब बांधाच्या खात्याचे, राहायला रोह्यात. काका म्हणाले, मासा तू उचल, तू तरणा आहेस. हायवेवर आम्ही पेण-रोहा गाडी पकडली. मासा ओल्या गोणपाटात, शेपटी बाहेर. ती सारखी पुढच्या सीटवरच्या बाईच्या अंबाड्याला लागे. बाई दोनदा वळून माझ्याकडे रागाने बघती झाली. तिसऱ्यांदा तिने शेपटी पाहिली, तेव्हा रागाची जागा कुतूहलाने घेतली आणि तिने काकांना भाव विचारला.

कंडक्टर आला. त्याने गोणपाट दाबून पाहिलं.

"याचं हाफ काढावं लागेल."

"अहो, मासा आहे," काका म्हणाले.

"मग? उभा राहून येतोय का? सीटवर बसलाय." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही मांडीवर घ्या त्याला, नायतर त्याने तुम्हाला घ्यावं. एक सीट, एक तिकीट."

नागोठण्यापासून रोह्यापर्यंत मी त्याला मांडीवर घेऊन आलो. उतरलो तेव्हा माझी एकुलती एक चांगली पँट अशी झाली होती की साहेबांचा कुत्रा बंगल्याच्या फाटकापासून माझ्यावर प्रेम करू लागला. काका आत गेले. मी व्हरांड्यात कुत्र्याला ढकलत उभा. थोड्या वेळाने साहेब बाहेर आले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं, "शिक्षण?" मी सांगितलं. "दहावीला किती?" तेही सांगितलं. ते हसले आणि आत गेले. आतून कोकम सरबत आलं. मला वाटलं, मोठी माणसं किती आपुलकीने विचारपूस करतात.

गोष्टीत मी इथे पाणी प्यायचो.

पावसाळ्याआधी मला रोह्याच्या एका कंपनीतून मुलाखतीचं पत्र आलं. अर्ज मी केलाच होता, सगळ्याच कंपन्यांत केला होता. मुलाखतीत चार प्रश्न विचारले, त्यातले तीन मी चुकलो. तरीही मला घेतलं. माझ्यात त्यांना काहीतरी वेगळं दिसलं असणार, अशी माझी समजूत झाली आणि ती मी पुढची पंचवीस वर्षं सांभाळली. आमच्या गावातून कायमच्या नोकरीत शिरलेला मी पहिला. काकांनी छपराखाली पेढे वाटले. "हाच खरा विकास," म्हणाले. आत्याने माझ्यावरून मीठ-मोहरी ओवाळली.

उघाडीचं काय झालं, असं लोक विचारत तेव्हा काका सांगत, "साहेब करतो म्हणालेत." आत्या वाट बघायची. हायवेकडून जीपची धूळ दिसली की चहाचं आधण ठेवायची. जीप भलत्याच गावाला जायची आणि चहा आम्ही प्यायचो. मी सुट्टीला गेलो की उधाणाच्या वेळी ती बांधावर असायची, पोत्यात पेंढा आणि चिखल कोंबून झडपेच्या भेगेत दाबत. तिसऱ्या भाद्रपदात उधाणाने झडपच नेली. पाणी आधी तिच्या तीन तुकड्यांत शिरलं, मग वरच्या शेतांत, मग तळ्याचा काठ फोडून तळ्यात. उरलेली जिताडी जशी आली होती तशी खाडीत परत गेली. शेतं उन्हाळ्यात पांढरी पडली. त्या मातीत पुढच्या वर्षी रोप टिकलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आत्या पेणला पोह्याच्या गिरणीत जाऊ लागली. ज्या बाईने आयुष्यात भात विकत घेतला नव्हता ती दुसऱ्यांच्या भाताचे पोहे चाळायला सकाळची गाडी पकडू लागली.

हे सगळं माझ्या गोष्टीत एका वाक्यात यायचं. सगळ्यात शेवटी मी म्हणायचो, "आणि साहेबांनी काय केलं? मासा खाल्ला आणि काम पचवलं." हशा व्हायचा. साहेबाला आमच्या गावात दुसरं नावच उरलं नव्हतं, तो 'खाऊन विसरलेला'. आत्याही हसायची, पदर तोंडाला लावून. गिरणीत पोह्यांच्या धुरळ्याने तिला खोकला झाला होता, त्यामुळे ती हसली की शेवटी खोकायची.

मी रोह्याजवळ वरशाला घर बांधलं. भोवती आमच्यासारख्यांची घरं वाढत गेली, कंपनीवाल्यांची, रिटायर झालेल्यांची. परवा, म्हणजे झालं त्याला वर्ष, दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. शेजारी काठी घेतलेले एक वृद्ध गृहस्थ. गावाचं नाव निघालं तसे ते माझ्याकडे नीट बघू लागले.

"तुम्ही तो मासा घेऊन आलेले ना? पँट ओली?"

मी ओळखलं. पंचवीस वर्षं ज्यांना घालूनपाडून बोलत आलो ते माझ्याच वस्तीत राहत होते आणि माझ्याच डॉक्टरचं औषध घेत होते. माझी जीभ शिवशिवत होती. पण तेच पुढे बोलले.

"तसा जिताडा पुन्हा खाल्ला नाही मी. नोकरी झाली ना व्यवस्थित? माझा मेहुणा तेव्हा तुमच्या कंपनीत माणसं घेण्याच्या जागेवर होता. तुमचे काका म्हणाले, एवढं पुतण्याचं बघा. मी म्हटलं, बघतो. शब्द दिला तो पाळला, असं माझं आपलं असतं."

"आणि उघाडी?" मी विचारलं.

"कसली उघाडी?"

"आमच्या गावची. झडप कुजली होती."

ते आठवू लागले. खरोखर आठवत होते, ढोंग नव्हतं. "नाही हो. झडपेचं बोलले असते तर माझ्याच खात्याचं काम होतं ते. चार दिवसांचं."

माझा नंबर पुकारला. डॉक्टरांनी रक्तदाब मोजून विचारलं, काही टेन्शन आहे का.

रविवारी मी गावी गेलो. काका आता ऐंशीच्या पुढचे. ओटीवर खुर्चीत बसले होते, गुडघ्यांना तेल लावत. मी दवाखान्यातलं सगळं सांगितलं. ते तेल लावत राहिले. मग म्हणाले, "एका माशात दोन कामं सांगता येत नाहीत."

"मग जे सांगायला गेला होतात ते सांगायचं."

"तेच सांगायला गेलो होतो. साहेब म्हणाले, बोला, काय काम. बाहेर तू कुत्र्याशी झटत उभा. तुझा बाप तोवर अंथरुणाला लागलेला. तोंडातून तुझं निघालं." त्यांनी बाटलीचं बूच लावलं. "उघाडीसाठी पुढच्या साली दुसरा मासा न्यायचा विचार होता."

"पुढच्या साली का नाही नेलात?"

"तेवढा मासा तळ्यात नव्हता."

"बिनमाशाचं जायचं होतं."

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, जणू मी एखादा परका माणूस आहे आणि मला गावची रीत ठाऊक नाही. एवढं गाव उभं करणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं, की हात हलवत जाऊनही साहेबाला काम सांगता येतं. किंवा सुचलं होतं आणि त्या साहेबापुढे पुन्हा उभं राहायचं धाडस झालं नव्हतं. मी विचारलं नाही. माझ्याच पगारावर बांधलेली ती ओटी होती.

तिथून आत्याकडे. ती दारात सूप घेऊन सुकट निवडत बसली होती. मी उंबऱ्यावर बसलो आणि सांगितलं. मला गोष्टी सांगता येतात अशी माझी ख्याती, पण ही मी उलटीसुलटी सांगितली, शेवट आधी आणि सुरुवात नंतर. तिचे हात थांबले नाहीत. काडी-कचरा एका बाजूला, सुकट एका बाजूला.

"म्हंजे साहेब खाऊन विसरला नाय," ती म्हणाली.

"नाही."

"त्यानं दिल्या शब्दापरमानं केलं."

"हो."

"आन् मी त्याला किती शिव्या घातल्या. उधाण आलं का एक शिवी. गिरणीत जाताना एक, येताना एक." मग सूप खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. "तुला ठावं नव्हतं?"

"शपथ, आत्या."

"नसल ठावं. पन किती वर्सं हसवलंस रे मला."

मी म्हणालो, गावाला सांगेन, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, "सांग. निदान साहेबाचं नाव तरी सुटू दे." आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

संधी लवकरच आली. गावात आता नवीन मंडळ आहे, जाड मिशांच्या मोबाइलवाल्या पोरांचं. पाचेक वर्षांमागे त्यांनी बांध दुरुस्त करून घेतला, उघाडीला लोखंडी झडप बसवली, आणि तळं पुन्हा खणून त्यात जिताडी सोडली. खाऊ कोण घालणार हे कुणी ठरवलं नव्हतं, आत्या आपणहून ताटली घेऊन जायला लागली होती. फाल्गुनात त्यांनी जुन्या मंडळाचा सत्कार ठेवला. काकांना शाल आणि नारळ. त्याच सकाळी तळ्यात जाळं टाकून गावजेवण. आणि कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावाखाली छापलेलं : 'आठवणी (जिताड्याची गोष्ट)'.

काका व्यासपीठावर बसले होते, खांद्यावर शाल, जी त्यांच्यापेक्षा रुंद होती. पुढच्या रांगेत बायका, त्यात आत्या. मी माइक घेतला. मी ठरवून आलो होतो. एस.टी. सांगितली, अंबाडा सांगितला, कंडक्टर सांगितला. लोक हसत होते, नवी पोरं तर खुर्चीवरून घसरत होती. कुत्र्यापर्यंत आलो. पाणी प्यायलो. आता काका आत गेले आणि काय बोलले, एवढंच सांगायचं होतं. दोन वाक्यं. काका जमिनीकडे बघत होते. नारळ त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

मी म्हणालो, "आणि साहेबांनी काय केलं? मासा खाल्ला आणि काम पचवलं."

हशा झाला. टाळ्या वाजल्या. आत्या हसली नाही, खोकलीही नाही. उठली आणि बायकांच्या मधून वाट काढत बाहेर गेली. जेवायच्या पंगतीत मी तिला शोधलं. ती घरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी शिफ्टहून आलो तर वरशाच्या घरी पायरीवर केळीच्या पानात बांधलेलं एक गाठोडं. गावचा रिक्षावाला ठेवून गेला होता. बायकोने सोडलं. आत जिताड्याची मुंडी, मोठी, स्वच्छ केलेली.

"ही आपल्याकडे कशी?" बायको म्हणाली. "ज्याने वाढवला त्याच्याकडे जाते ना?"

"आत्याने पाठवली असेल."

"रिक्षावाल्याने निरोप सांगितला. म्हणे, आत्यानं सांगितलंय, त्या येळेची ऱ्हायली होती, ज्याची त्याला पोचव."

बायको कोकम-खोबरं वाटायला लागली. तिला गोष्ट ठाऊक होती, ती हसवणारी. ही मी तिला त्या संध्याकाळी सांगितली, पाटा-वरवंट्याच्या आवाजात, आणि तिने एकदाही मान वर केली नाही. मग तिने मुंडीचं कालवण माझ्या एकट्याच्या ताटात वाढलं.

मी ती खाल्ली. टाकून द्यायची छाती झाली नाही. चव फार चांगली होती, तेही लिहून ठेवतो. आत्याकडे त्यानंतर चारदा गेलो. बसायला पाट देते, चहा देते, मुलांचं विचारते. गोष्ट मात्र कुणी सांगायला लावली की मी घसा बसल्याचं सांगतो. लोकांना ते खरं वाटतं.